बेलभंडार कुणी उचलायचा

माझा बाप खोटं बोलणारा माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्ही त्याला नावं ठेवाल आणि मला राग येईल. नावं ठेवायची तर मी ठेवीन, तो माझा हक्क आहे. तुम्ही फक्त ऐका.

मी गोजर. मी आता शहरात राहते, तिथल्या आमच्या सावेडीच्या सोसायटीतल्या बायका हे नाव ऐकून अजून हसतात. हसा म्हणावं, दात दिसतील. बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांची होते, सातवीत. आमचं गाव कर्जत तालुक्यात, आधीच कोरडवाहू, त्यात त्या सालानं पार मान मुरगाळली. आप्पा, म्हणजे माझे वडील आप्पासाहेब, वीस एकरांचे धनी. पण तेही गावाबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. आई मुक्ताबाई डोक्यावर पाट्या वाहायची. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव असलं तर पगार आणि पोरांना खायला सरकारी सुकडी, नाव कटलं तर चूल बंद. आणि ते मस्टर होतं सूर्यभान मुकादमाच्या हातात. तो आमच्याच भावकीतला, आप्पांचा चुलतभाऊ, आवाज असा की बोलला तरी भांडतोय वाटावं.

आमच्या गोठ्यात एकच बैल उरला होता, हौश्या. त्याचा जोडीदार आप्पांनी दिवाळीआधी घोडेगावच्या बाजारात मातीमोलानं विकला आणि दोन दिवस जेवले नाहीत. हौश्याला विकायचं कुणी नाव काढलं की ते उठून बाहेर जायचे. त्याच्या बरगड्या लांबून मोजता यायच्या, तरी आप्पा रोज सकाळी त्याच्या पाठीवरून हात फिरवूनच कामाला निघायचे.

त्या माघात मी शहाणी झाले. आमच्याकडं असंच म्हणतात, पोरीला पाळी आली की पोर शहाणी झाली. शहाणपण कसलं डोंबलाचं! आईनं एक घोंगडं, एक तांब्या आणि एक ताटली दिली आणि गोठ्याच्या कोपऱ्यात बसवलं. चार दिवस घरात यायचं नाही, कशाला शिवायचं नाही, देवाचं तर नावच नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की मग माणसांत. चांगल्या सालात म्हणे पोरीला नवं लुगडं नेसवतात, ओटी भरतात, शेजारणी गोडधोड आणतात. माझ्या वाट्याला कोरडी भाकरी आली, आणि तीही आई वरून ताटलीत टाकायची.

दोन दिवस मी आणि हौश्या एकमेकांची तोंडं बघत बसलो. आई म्हणाली होती, बैलाला हात लावू नकोस. तो मेला मान लांब करून माझा हात चाटायचा, त्याला काय सांगू मी? त्याच्या पुढ्यात उसाचं वाळकं पाचट, तेसुद्धा मोजून टाकलेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मला राहवेना. घरी कुणी नव्हतं. मी विळा घेतला आणि मळ्याकडं निघाले.

आमच्या मळ्यातल्या विहिरीत सरकारी टँकर पाणी सोडायचा, गाव तिथून शेंदून न्यायचं. टँकरचा पाइप गळका होता. त्या गळतीवर बांधालगतच्या करपून गेलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना हिरवेगार पोंगे फुटले होते. सगळ्या शिवारात तेवढंच हिरवं. आप्पांनी त्याच्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण लावलं होतं. मला वाटलं, अडीनडीला राखून ठेवलंय. अडीनडी म्हणजे अजून काय असते, असं म्हणत मी काटे बाजूला सारले आणि ओटीभर पोंगे कापून घेतले.

परत येताना पायवाटेवर सहादेव भेटला. खांद्यावर कावड, कावडीला टँकरच्या पाइपाखाली वस्तीसाठी भरून घेतलेले पाण्याचे दोन डबे. सहादेव गावाबाहेरच्या वस्तीतला. छप्पन सालानंतर त्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, देव्हारे सोडले, भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. गावाला ते सोळा वर्षं खुपत होतं. त्यात पंधरा दिवसांपूर्वी ओव्हरसियर साहेबांनी कामावर सांगितलं, पाण्याचा ड्रम एकच राहील, सगळ्यांना. तर सहादेव सरळ गेला आणि आपल्या हातानं पाणी घेऊन प्यायला. बाकीचे वस्तीवाले बघत राहिले, हा प्यायला. सूर्यभान त्या दिवसापासून दात खाऊन होता.

माझी ओटी बघून सहादेवानं कावड खाली ठेवली.

“आक्का, ती ज्वारी बैलाला घालू नगा. कवळी हाय, लागंल त्याला.”

तो माझ्या बापाच्या वयाचा, मला अहोजाहो करत होता. आणि मी काय म्हणाले असेन? आज साठी उलटली तरी ते वाक्य आठवलं की जीभ हासडून टाकावी वाटते.

“तुला रं काय कळतंय बैलातलं? तुज्या दारात कधी बैल हुता का?”

मी तरातरा गोठ्यात आले. तो मागं मागं आला, पण गोठ्याच्या मागच्या भिंतीपासून दहा पावलांवर थांबला. “आक्का, ऐका माजं. मरंल वो जनावर!” आत येऊन त्यानं माझ्या हातातला चारा हिसकावून घेतला असता तर बैल वाचला असता. पण आमच्या गोठ्यात तो येणार कसा? आणि त्यात मी अशी बसलेली. तो लांबून ओरडत राहिला, मी ऐकू न आल्यासारखं केलं. हौश्यानं बघता बघता सगळी ज्वारी संपवली आणि माझा तळहात चाटून काढला. तेवढ्यात रस्त्यावरून सूर्यभानाचा आवाज आला, “कोन रं त्यो आप्पाच्या गोठ्यामागं?” सहादेव कावडीकडं निघून गेला.

अर्ध्या तासात हौश्या थरथरायला लागला. तोंडातून हिरवी लाळ, डोळे बाहेर आलेले. मग तो धाडकन पडला, चार वेळा पाय झाडले आणि संपला. एवढा मोठा जीव, एवढ्याशा वेळात. मी कोपऱ्यात घोंगडं तोंडात कोंबून रडत होते.

आई आली तेव्हा मी तिला सांगितलं, “आई, मी त्याला चारा घातला.” कोणता चारा हे तिनं विचारलंच नाही. तिनं माझं तोंड दाबलं, शिवाशिव विसरून.

“शिवलीस बैलाला? ह्या दिसांत? अगं भवाने, म्हनून मेला त्यो! कुनाला बोललीस तर याद राख. बैलखाऊ पोर म्हनून उद्या कोन करील तुज्याशी लगीन?”

बस्स, माझ्या डोक्यात तेच बसलं. माझ्या हातानं बैल मेला. माझा हातच तसा झालाय.

आप्पा कामावरून आले. हौश्याच्या डोक्याशी बसले, त्याचं तोंड उघडून बघितलं, बोटानं लाळ पुसून हुंगली. मग उठून मळ्याकडं गेले. परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या अंगठ्यातून रक्त येत होतं. आईनं विचारलं तर म्हणाले, “काटा मोडला.” माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत गेले.

गावात तोवर बोंब झाली होती. सूर्यभानानं सहादेवाला गोठ्यामागं बघितलेलं, मग काय पाहिजे? वस्तीवाल्यांनी बैलाला विष घातलं, कातड्यासाठी घातलं. अरे, पण सोळा वर्षं झाली ना त्यांनी मेल्या ढोराला हात लावून? त्याच रागानं तर तुम्ही जळत होता! कातड्याचं ते काय करणार होते, पांघरणार? पण एकदा ठरलं की ठरलं. शहाणी माणसं ती, त्यांना कोण विचारणार.

दुसऱ्या दिवशी बाजार, कामाला सुट्टी. दुपारी भैरोबाच्या देवळापुढं गाव जमलं. देऊळ आमच्या गोठ्यापासून दोन घरं सोडून. मला सगळं ऐकू येत होतं. मी घोंगडं टाकलं आणि देवळाच्या अंगणात सोडलेल्या एका बैलगाडीमागं जाऊन लपले. तिथवर जायचीसुद्धा मला परवानगी नव्हती.

ओट्यावर सूर्यभान, आप्पा, गावची पाच-पंचवीस कर्ती माणसं. बाया एका बाजूला, त्यात आई. खाली, ओट्यापासून चांगला लांब, उन्हात सहादेव एकटा उभा. त्याची बायको आणि तीन पोरं वेशीच्या तोंडाशी थांबली होती. ती सगळी त्या एका मस्टरवर जगत होती.

“कबूल कर,” सूर्यभान म्हणाला. “न्हाईतर उद्यापास्नं मस्टरवर नाव न्हाई. आन त्याच्या आदी हितं काय हुईल ते तुजं तुला ठावं.”

दोघं जण हातात चाबूक घेऊन बसलेले मला दिसत होते. बैल हाकायचे चाबूक, घरी बैल नाहीत आणि हे चाबूक घेऊन आलेले.

“म्या काय केलं न्हाई, मुकादम,” सहादेव म्हणाला. “जनावराला कवळी ज्वारी लागली. त्याच्या तोंडाला हिरवी लाळ हुती का न्हाई, आप्पास्नी इचारा. करपल्याली ज्वारी पुन्ना फुटली की जहर असती. समद्या शेतकऱ्यास्नी ठावं हाय हे.”

आप्पा मान खाली घालून बसले होते.

“ज्वारी घातली कुनी मग?” सूर्यभान ओरडला. “आप्पाच्या घरात कोन येडं हाय का?”

सहादेवानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला माझं नाव ठाऊक होतं. पुढं कितीदा तरी मी ही गोष्ट सांगितली तेव्हा लोक म्हणाले, वा, काय थोर माणूस, पोरीचं नाव घेतलं नाही. थोरबिर काही नाही हो, भ्याला होता तो! मोठ्या घरच्या वयात आलेल्या पोरीचं नाव त्याच्या तोंडून निघालं असतं तर ते चाबूक कशाला आणले होते ते कळलं असतं. त्याच्या जागी मी असते तर मीही भ्यालेच असते.

“बोलत न्हाई बगा,” सूर्यभान म्हणाला. “बरं, आपन न्याव सोडायचा न्हाई. गुरव, बेलभंडार आना.”

आमच्याकडं शेवटचा न्याय तोच. देवाचा बेल आणि हळदीचा भंडारा हातात उचलायचा आणि बोलायचं. बेलभंडार उचलून खोटं बोललं तर वंश बुडतो, असं सगळ्यांना पक्कं माहीत. गुरवानं ताम्हण आणलं आणि ओट्याच्या कडेला ठेवलं.

“उचल. मी इख घातलं न्हाई म्हन, की सुटलास.”

सहादेव ताम्हणाकडं बघत राहिला. तो उचलणार कसा? जन्मात त्याला त्या ओट्यावर चढू दिलं नव्हतं.

“मुकादम, आमी द्येव सोडल्यात,” तो म्हणाला. “सोळा वरसं झाली. ज्याला मानत न्हाई त्याची शपत घेतली तर तीच खोटी. माज्या पोरांच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो, पायजे तर.”

“बगा! बगा!” सूर्यभान उठून उभा राहिला. “बेल उचलत न्हाई! ह्याच्याहून कबुली काय पायजे?” चाबूकवाले दोघं खाली उतरले.

तोवर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. ज्वारी. म्हणजे माझा हात नव्हे. माझ्या हातात काही झालं नव्हतं, ती ज्वारी होती, आणि या माणसानं मला दोनदा ओरडून सांगितलं होतं. पाय कसे उचलले ठाऊक नाही. मी गाडीमागून निघाले आणि मधोमध गेले. ओट्यावर मला जागा नव्हती, म्हणून मी सहादेवाशेजारी उभी राहिले.

“ज्वारी मी घातली,” मी म्हणाले. “टँकरखालची. यानं मला नगं म्हनलं हुतं. मी ऐकलं न्हाई.”

मग आप्पांनी मान वर केली. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी ओळखलं, यांना कालपासून ठाऊक आहे.

सूर्यभान हसला. “पोर हाय. हिला कुनी शिकिवलं? बरं, गोजरे, तू उचल बेल. उचल आन सांग.”

मी दोन पावलं पुढं टाकली. हात पुढं केला.

“नगं!” बायांमधून आई किंचाळली. “शिवू नगं त्याला! बाहेरची हाय ती! चवथा दिस हाय!”

बाया दोन हात मागं सरकल्या. गुरवानं ताम्हण उचलून छातीशी धरलं. चाबूक घेतलेला एक जण माझ्यापासून टुणकन बाजूला झाला, माझ्यापासून, सातवीतल्या पोरीपासून! मला रडू आलं नाही. मला असा संताप आला की कानशिलं तापली. चार दिवसांपूर्वी हाच माणूस माझ्या हातचं पाणी प्यायला असता. मी शेजारी बघितलं तर सहादेव तेवढा जागेवरून हलला नव्हता.

“झालं तर मग,” सूर्यभान म्हणाला. “ही उचलू शकत न्हाई, त्यो उचलत न्हाई. दोगांचं बोलनं वाऱ्यावर. आप्पा, बैल तुजा, गोठा तुजा. तूच उचल. मळ्यातली ज्वारी जशीच्या तशी हाय, एवडं म्हन, म्हंजे इषय संपला.”

“आप्पा,” मी ओरडले, “तुमच्या आंगठ्यात काटा हाय! तुमी बगून आलाय!”

आप्पा उठले. पायतान काढलं. गुरवानं ताम्हण पुन्हा खाली ठेवलं. आप्पांच्या एका बाजूला सगळी भावकी होती, मुलीची अब्रू होती, आईचं भेदरलेलं तोंड होतं. एक वाक्य म्हटलं असतं की सगळं जागच्या जागी राहिलं असतं. दुसऱ्या बाजूला उन्हात दोन माणसं उभी होती, एक लेक आणि एक सहादेव. आप्पांनी उजवा हात ताम्हणावर धरला. अंगठ्याला चिंधी बांधलेली सगळ्यांना दिसत होती. त्यांची बोटं बेलाच्या पानाला लागली. देवा, उचलू देऊ नकोस यांना, असं मी त्याच देवाला म्हणत होते ज्याला शिवायची मला बंदी होती.

आप्पांनी हात मागं घेतला.

“मला न्हाई उचलता येत,” ते म्हणाले आणि खाली बसले.

बस्स, एवढंच. ‘सहादेवानं काही केलं नाही’ हे साधं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही, हे मी त्यांना कधी माफ केलं नाही. पण खोटं त्यांना बोलता आलं नाही, तेही खरं. गावाला जे कळायचं ते कळलं. चाबूकवाले ओट्यावर जाऊन बसले आणि दुसरीकडं बघायला लागले.

सूर्यभानानं घसा खाकरला. “ऱ्हाऊ दे मग त्याचं नाव मस्टरवर. आपन काय कुनाच्या पोटावर पाय देनारी मानसं न्हाई. पन त्या ड्रमाची भानगड काय बरी न्हाई. सोमवारपास्नं ड्रम दोन ठिवायचे. वस्तीचा निराळा. सायबाला मी सांगतो. मंजूर?”

“मंजूर,” सगळे म्हणाले. सगळ्यांना केवढं हायसं वाटलं. मी आप्पांकडं बघत होते. त्यांनीही मान हलवली.

सहादेवानं विचारलं, “म्या जाऊ का?” चुकलं म्हणणं तर लांबच राहिलं, जा असंही कुणी म्हणालं नाही. तो आपल्या पोरांकडं गेला. मी त्याला काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. आई मला लांबूनच हाकलत गोठ्यात घेऊन आली, कोंबडी हाकलावी तशी.

हौश्याला सकाळीच पुरायला नेलं होतं, गोठ्यात त्याची जागा रिकामी होती. रात्री आईनं भाकरी लांबूनच ताटलीत भिरकावली.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं मला गोठ्यामागं दगडावर बसवलं. टँकरची अर्धी बादली पाणी, तेवढ्यात न्हायचं होतं. तिनं शिकेकाई चोळली, तांब्या तांब्या पाणी घातलं, हात हलका होता तिचा. राग उतरला असावा. आप्पा पुढं दारात बसून हातोड्याचा दांडा ठोकत होते.

“झालं बग,” आई म्हणाली. “फिटला इटाळ. आता आलीस मानसांत. जा घरात, द्येवाला भंडारा लाव, पान्याच्या हंड्याला हात लाव. कुनालाबी शिव आता.”

“आन सहादेवमामा गं?” मी विचारलं.

“कोन मामा?”

“सहादेवमामा. मी पाचव्या दिवशी आले. त्यांचा कितवा दिवस हाय?”

दारातली ठोकाठोक थांबली. मी मान वळवून आप्पांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, अंगठ्याची चिंधी सोडून परत बांधत बसले.

आईनं उरलेलं पाणी एकदम माझ्या डोक्यावर ओतलं. “केस पूस आदी,” ती म्हणाली. “सर्दी हुईल.”